खटक्या

तळहातावर मावतो. लांबी ७० मिलिमीटर, रुंदी ५०, जाडी १.६. अंग हिरवं, कारण हिरव्या रंगाला पीसीबीवाला जादा पैसे लावत नाही. मधोमध सॉकेटमध्ये अठ्ठावीस पायांची काळी चिप, तिच्या कुशीला चिंचोक्याएवढा चकचकीत क्रिस्टल, एका कडेला बर्फीच्या वड्यांसारखे दोन निळे रिले आणि कोपऱ्यात रीसेटचं तांबडं बटण. उलटा केला की पाठीवर माझं सोल्डरिंग दिसतं. त्याबद्दल न बोललेलं बरं. एक डायोड छपाईत उलटा आलाय. चूक माझीच, आणि नग पाच मागवले होते म्हणून पाचही नगांवर तीच. दर वेळी जोडताना मनाशी घोकावं लागतं, छापलंय त्याच्या उलट, छापलंय त्याच्या उलट.

कामाला तो विहिरीवरचा. जुन्नरकडे मामांची विहीर आहे आणि तिच्यावर तीन फेजची मोटार. शेतीची वीज कधी दिवसाच्या पाळीला येते, कधी रात्रीच्या. ती आली की तिन्ही फेज हजर आहेत का ते बघायचं, दोन मिनिटं दम धरायचा आणि मग एका रिलेने स्टार्टरचं हिरवं बटण दाबल्यासारखं करायचं. चालू मोटारीचा एखादा फेज गेला तर दुसऱ्या रिलेने लाल बटण. दम धरायचा तो अशासाठी, की वीज येताक्षणी एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर ट्रान्सफॉर्मरच बसतो. आणि दोनच फेजवर मोटार सुरू करायला गेलं तर ती फिरत नाही, नुसती घुमते, तापते आणि जळते. मग रिवाइंडिंगवाल्याकडे खेप. हे काम करणारे ऑटोस्विच बाजारात तयार मिळतात. पण मामांकडचा एक जळाला होता आणि त्याच सुमारास भाचा जेवायला गेला होता. ताटावर बसलेला माणूस 'मी करून देतो' म्हणून जातो.

बोर्ड झाला, चिप बसली, आणि मी तो संगणकाला जोडला. इथून त्याचा स्वभाव कळायला लागला.

बाजारातला आर्डुइनोचा उनो बोर्ड यूएसबीच्या वायरीने जोडला की आपण होऊन ओळख देतो. त्याच्यात निर्मात्याचा आणि उत्पादनाचा क्रमांक भरलेला असतो. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर तो वाचतं आणि पोर्टच्या पुढे त्याचं नाव लिहून मोकळं होतं. आमच्याकडे यूएसबीच नाही. स्वतःचा निर्माता-क्रमांक रीतसर घ्यायचा तर काही हजार डॉलर मोजावे लागतात. एवढ्यात मामांना नवी मोटार येईल. म्हणून मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावला. संगणकाला दिसला तो कन्व्हर्टर. त्याच्या पलीकडे कोण बसलंय, त्याला किती पाय आहेत, कोणत्या पायावर काय टांगलंय, काहीही नाही. बोर्डाला विचारावं तर तो गप्प. खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय खरंही सांगत नाही, आणि काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक नसतं.

सॉफ्टवेअरमधली बोर्डांची यादी उघडली. उनो, नॅनो, मेगा, लिओनार्डो, एस्प्लोरा, लिलीपॅड. आमचं नाव नाही, असायचं कारणही नाही. मग सगळे करतात तेच मी केलं: 'उनो' निवडलं. चिप तीच, एटीमेगा ३२८पी. ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम, क्रिस्टलही तोच १६ मेगाहर्ट्झचा. दुसऱ्याच्या पासावर प्रवास करायचा, तिकीट तपासनीस येईपर्यंत.

चिप कोरी होती म्हणून यूएसबीएएसपी प्रोग्रामर काढला, सहा पिनांची पट्टी लावली आणि दिवा लुकलुकवायचा तो नेहमीचा नमुना-प्रोग्राम टाकला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. नव्या बोर्डाला पहिला घास हाच भरवतात. प्रोग्राम चढला, चूक काही दाखवली नाही. दिवा मात्र ढिम्म. मी वाकून बघतोय, टोक दाबून बघतोय, आणि अचानक रिलेकडून आवाज आला, खट्. पुन्हा शांतता. मी श्वास रोखून बसलो. बऱ्याच वेळाने पुन्हा खट्. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावलं. सोळा सेकंद. पुढचा खट् परत सोळा सेकंदांनी.

त्या दिवशी मामा काही कामासाठी पुण्यात आलेले, बाहेरच्या दिवाणावर आडवे झालेले. आतून ओरडून विचारलं, "काय रे, घरात पाल बोलतीय का?"

"नाही मामा, तुमचा बोर्ड आहे."

"मग दिवसभर असाच खटखटणार का हा खटक्या?"

नाव पडलं ते तेव्हा.

त्या एका आवाजात दोन चुका होत्या. पहिली घड्याळाची. कारखान्यातून आलेली ही चिप बाहेरच्या क्रिस्टलकडे ढुंकून बघत नाही. तिच्या पोटात स्वतःचा ८ मेगाहर्ट्झचा ठोका असतो आणि त्याला आठाने भागायची खूण आधीच केलेली असते. म्हणजे चाल १ मेगाहर्ट्झ. शेजारी क्रिस्टल बसलेला, त्याच्या दोन बाजूंना २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, सगळा सरंजाम तयार, आणि ही आपली आपल्या तंद्रीत. ती खूण बदलायची तर चिपचे फ्यूज लिहावे लागतात. फ्यूज म्हणजे आपल्या मीटरजवळची जळणारी तार नव्हे. हे नुसते आठ-आठ खुणांचे तीन कप्पे, पुन्हा पुन्हा लिहिता येणारे. पहिल्या कप्प्यात कारखान्याने ६२ लिहिलेलं असतं, तिथे एफएफ हवं. 'बर्न बूटलोडर' म्हटलं की हे काम आपोआप होतं, आणि मी नेमकी तीच पायरी गाळून थेट प्रोग्राम चढवला होता. संगणकाने चिपला विचारलं नाही की बाई, तुझी चाल किती. उनो म्हटलंय ना, मग १६ मेगाहर्ट्झ. त्या हिशेबाने एका सेकंदाची जी मोजदाद त्याने करून दिली, ती चिपने आपल्या चालीने सोळा सेकंद पुरवली.

दुसरी चूक पायांची, आणि ती जास्त खोल.

या चिपच्या प्रत्येक पायाला तीन नावं असतात. डाटाशीटमधलं जन्मनाव, चिपवर मोजून येणारा क्रमांक, आणि आर्डुइनोच्या घरात पडलेलं नाव. मी ज्या पायाला मोटार सुरू करणारा रिले जोडला, तो मोजून एकोणिसावा, डाटाशीटमध्ये पीबी ५, आर्डुइनोत १३. दिवा जोडला तो मोजून तेरावा; डाटाशीटमध्ये पीडी ७; आर्डुइनोत ७. उनोवर बोर्डाचा स्वतःचा दिवा आर्डुइनोच्या १३ वर असतो. मी वायरिंग काढताना 'तेरा, तेरा' म्हणत दिवा मोजून तेराव्या पायावर नेला होता, आणि खऱ्या तेरावर, तिकडून ट्रॅक सरळ जातो म्हणून, रिले बसवला. आमच्या आळीत दोन दत्तू होते. एकाची मनीऑर्डर दुसऱ्याकडे जायची. पोस्टमन दोष द्यायचा पत्त्याला, आणि पत्ता बरोबरच असायचा.

पीसीबी परत करायचा म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा पंधरा दिवस. कॉलेजात गुळगुळीत कागदावरचं प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवून फेरिक क्लोराइडमध्ये खदखदवायचो, तेव्हा चूक झाली की रात्रीतून नवा बोर्ड व्हायचा आणि आईच्या स्टीलच्या परातीला तांबूस डाग पडायचे. ते दिवस गेले. बोर्ड आहे तसाच राहणार. आता त्याची खरी ओळख संगणकाला सांगणं भाग होतं.

सांगायची जागा साधी आहे. आपले प्रोग्राम जिथे साठतात त्या फोल्डरात 'हार्डवेअर' नावाचं फोल्डर करायचं. त्यात आपल्या नावाचं. त्यात 'एव्हीआर'. त्यात 'बोर्ड्स' नावाची एक टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडणारी. हा त्याचा सातबारा. वर नाव. खाली चिप कुठली. मग चाल: १६०००००० आणि त्यापुढे एल. मग जागा किती: ३२७६८ बाइट, पण त्यातले ५१२ बूटलोडरच्या नावे लावलेले, म्हणून ३२२५६ लिहायचं. बोलायचा वेग ११५२००. मग फ्यूजच्या तीन किमती. आणि मूळ ग्रंथालय कुठलं, तर 'आर्डुइनो', कोलन, 'आर्डुइनो'. त्या कोलनवर माझा फार जीव आहे. त्याचा अर्थ, आमच्या घरी विहीर नाही, शेजारच्या विहिरीवरून पाणी भरतो. हजारो ओळींचा कोड स्वतःकडे नकलून ठेवायला नको. तिकडे तो सुधारला की इकडे आपोआप सुधारतो.

या फाइलीचा एक भयंकर गुण म्हणजे ती काहीही ऐकून घेते. पहिल्या खेपेला चालीतलं एक शून्य राहून गेलं. १६०००००. कुरकुर नाही, लाल अक्षर नाही. प्रोग्राम तयार झाला आणि प्रोग्रामरने चढलासुद्धा. फक्त दोन मिनिटांचा दम साडेसात सेकंदांत संपला. एक शून्य म्हणजे दहापट, मग बारा सेकंद का नाहीत, यावर मी अर्धा तास घालवला. आतला हिशेब मेगाहर्ट्झ पूर्णांकात धरतो. १.६ मधले .६ टाकून दिले, उरला १, म्हणून सोळापट. तलाठ्याने गुंठे सोडून नुसते एकर लिहावेत तसं. असलं काही सापडलं की राग येत नाही; कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि रात्री दीड वाजता घरात कुणी जागं नसतं.

सातबाऱ्याशेजारी दुसरं फोल्डर, 'व्हेरियंट्स'. त्यात खटक्याचं फोल्डर आणि त्यात एकच फाइल, पायांच्या नावांची. उनोची फाइल घेतली आणि दिव्याच्या ओळीत १३ खोडून ७ केले. खाली दोन नवी नावं दिली: १३ ला 'मोटार चालू', १२ ला 'मोटार बंद'. आता प्रोग्राम लिहिताना क्रमांक लक्षात ठेवायला नको. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, कारण ते या फायली सुरू होतानाच वाचतं. यादी खाली सरकवली. सगळ्यात शेवटी, माझ्या नावाखाली एकटाच: खटक्या, रोमन अक्षरांत. घरात कुणाला दाखवावं असं ते काही नव्हतं. तरी मी बायकोला उठवून दाखवलं. ती "छान" म्हणाली आणि कूस बदलली.

ज्या यादीत त्याचं नाव बसलं, तिचा गोतावळाही मजेशीर आहे. चिपची एव्हीआर ही जात नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमची. आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी तिथे आखलेली. पायांना सोपी नावं द्यायची आणि चार ओळींत दिवा लुकलुकवायचा हा मार्ग कोलंबियाच्या एर्नांदो बारागानचा. इटलीतल्या इव्रेआ गावी २००३ मध्ये त्याने प्रबंधासाठी 'वायरिंग' उभं केलं. त्याच गावात २००५ मध्ये आर्डुइनो आला. नाव घेतलं गावातल्या एका बारचं, बारने घेतलेलं राजाचं. १००२ साली इटलीच्या गादीवर बसलेला इव्रेआचा आर्दुइनो. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा राजा, त्याच्या नावाचा गुत्ता, गुत्त्याच्या नावाचा बोर्ड, आणि त्या बोर्डाच्या विहिरीवर पाणी भरणारा आमचा जुन्नरचा खटक्या.

दुसरा नग जोडताना बूटलोडर चढेना. संगणक म्हणतो, सही जुळत नाही. या चिपांच्या पोटात तीन बाइटांची सही असते. हवी होती १ई ९५ ०एफ, आली १ई ९५ १४. तारा तपासल्या, प्रोग्रामर बदलला, शेवटी चष्मा काढून चिप डोळ्याला लावली. ३२८. पुढे पी नाही. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्लीतून एकदम पाच घेतल्या होत्या, त्यात एक ही. पुन्हा दुकानात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सेमच आहे ना साहेब." आणि खोटं नव्हतं ते. पी म्हणजे वीज थोडी जास्त वाचवणारी. मोटारीच्या डब्यात बसणाऱ्याला त्याचं काय? पण संगणकाला सेम चालत नाही. इथे तिकीट तपासनीस आला. उनोच्या पासावर असतो तर उतरावं लागलं असतं, किंवा सहीची तपासणी बंद करायचा चोरटा उपाय करावा लागला असता. बरेच जण करतात. माझ्याकडे स्वतःचा सातबारा होता. त्यात आणखी एक नोंद घातली, सगळं तेच, फक्त चिपच्या नावातला पी काढलेला. या चिपवर मग बूटलोडर सज्जनासारखा चढला.

मग वाटलं, झालं. दिवा दिव्याच्या जागी, सेकंद सेकंदाच्या जागी. आणि तरीही प्रोग्राम चढवायला घेतला की रिले खट्-खट्-खट्. संगणकावर त्याच्याशी बोलायची खिडकी उघडली तरी तेच. रीसेटचं तांबडं बटण दाबलं तरी तेच. मोजून तीनदा, मग गप्प.

हा बूटलोडर. चिपच्या त्या ५१२ बाइटांत राहणारा ऑप्टिबूट नावाचा छोटा द्वारपाल. बाहेरून रीसेट झाला की आधी तो जागा होतो, नवा प्रोग्राम येतोय का बघतो, आणि जागा झाल्याची खूण म्हणून दिवा तीनदा लुकलुकवतो. कुठला दिवा? उनोचा. पीबी ५. मी पायांची फाइल बदलली ती माझ्या प्रोग्रामपुरती. द्वारपाल आधीच तयार करून ठेवलेला, त्याने ती कधी वाचलीच नव्हती. त्याच्या डोक्यात दिवा जिथे होता तिथे माझा रिले.

टेबलावर ही गंमत होती. विहिरीवर नव्हती. स्टार्टरचं हिरवं बटण एकदा टेकवलं तरी आतला कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो. सोडलं तरी मोटार चालू राहते. म्हणजे मामांनी डब्यातलं तांबडं बटण दाबलं की पहिल्याच खट् ला मोटार उठणार. दोन मिनिटांचा दम नाही, फेजची तपासणी नाही. आणि दिसलेलं तांबडं बटण मामा दाबणार नाहीत, असं त्यांना ओळखणारा कुणी म्हणणार नाही.

ऑप्टिबूटचा कोड उघडा आहे. तो आणला आणि दिवा डी ७ सांगून नव्याने बांधला. तयार झालेली फाइल खटक्याच्या फोल्डरात 'बूटलोडर्स' करून ठेवली आणि सातबाऱ्यात बूटलोडरच्या ओळीत आपल्या घरचा पत्ता लिहिला. पाचही चिपांवर चढवली. बटण दाबलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि रिले गप्प. एवढी शांतता त्या टेबलावर पहिल्यांदाच होती.

रविवारी जाऊन बसवून आलो. स्टार्टरच्या पेटीशेजारी प्लॅस्टिकचा डबा, त्यात तो. डब्यात आधीच एक पाल होती. तिला बाहेर काढली. वीज आली तेव्हा सव्वादहा झाले होते रात्रीचे. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत राहिला. मामा बॅटरी धरून मोजत होते, एकशे अठरा, एकशे एकोणीस. खट्. पाण्याने पाइपात खाकरून घेतलं आणि मग हौदात धार पडली.

तीन दिवसांनी दुपारी फोन.

"ह्याला काय झालंय रे? बटण दाबलं, बोलत नाही."

"कोणतं बटण? आणि कशाला दाबलंत मामा?"

"दाबून बघितलं. पुण्याला असताना खटखटायचा की. आता मुक्यावानी बसलाय."

"आवाज बंद केलाय मुद्दाम. दिवा तीनदा लुकलुकतो का बघा."

"उन्हात दिवा कुठला दिसतोय!" मामा म्हणाले. "जिवंत हाय का नाय ते कसं कळायचं माणसाला?"

मोजून चौदावा पाय, डाटाशीटमध्ये पीबी ०, आर्डुइनोत ८, अजून मोकळा आहे. पुढच्या पाच नगांत तिथे एक छोटा बझर घालतोय. पायांच्या फाइलीत त्याच्या नावाची ओळ आधीच लिहून ठेवलीय आणि यादीत आता खटक्या-दोन दिसतो. डायोड या खेपेला सरळ छापलाय. बोटं मात्र अजून तो उलटाच बसवायला जातात.